मेलेल्याने ओ दिला

‘शोकांतिका’ या शब्दाची वर्तमानपत्रवाल्यांनी जी माती केली आहे ती बघून माझं डोकं उठतं. माजिवड्याला ट्रक उलटला की शोकांतिका. टोमॅटो महागले की गृहिणीची शोकांतिका. क्रिकेटमध्ये हरलो तर सगळ्या देशाची शोकांतिका. अहो, ट्रक उलटतो तो अपघात असतो. ड्रायव्हरला डुलकी लागली, एवढंच. शोकांतिकेला माणूस लागतो, आणि तो स्वतःच्या पायांनी, डोळे उघडे ठेवून खड्ड्याकडे चालत जावा लागतो. कल्याणच्या एका शाळेत आणि पुढे तिच्याच ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवलं, आणि दर वर्षी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मुलं मान डोलवायची आणि पेपरात लिहायची, ‘जिच्या अंती शोक होतो ती शोकांतिका.’ मी शून्य द्यायचो.

नायकाचा दोष समजावताना मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रमाद’ लिहायचो आणि त्याखाली ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’. ग्रीकांचे राजे काय, आपल्याकडचे दानशूर योद्धे काय, सगळ्यांना मी या एका म्हणीत बसवायचो. एखादी मुलगी विचारायची, ‘सर, पण तो सरळ सॉरी का म्हणत नाही?’ म्हटलं असतं तर नाटक पहिल्या अंकातच संपलं असतं, हे उत्तर माझ्याकडे तयार असे. वर्ग हसायचा. मला हे उत्तर फार आवडायचं.

एवढा उपदेश करणाऱ्या माणसाने आयुष्यात शोकांतिका एकच लिहिली, तीही एका अंकाची. तिचा जो तमाशा झाला तो आता सांगून टाकतो. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीत राहायचो, नुकतीच तिशी ओलांडलेली, आणि डोक्यात नाटकाशिवाय दुसरं काही नाही. ठाण्यात एका संस्थेची एकांकिका स्पर्धा व्हायची. तिथे पहिल्या आलेल्या लेखकाची मुंबईचे लोक दखल घेतात, असं सगळे म्हणत. मी एकांकिका लिहायला घेतली. खाडीवर पूल होतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पलीकडे सोडणारा नावाडी शपथ घेतो की या पुलावर मी पाय ठेवणार नाही. गाव पुलावरून जायला लागतं, होडी रिकामी राहते, बायको माहेरी निघून जाते, तरी हा होडी सोडत नाही. शेवटी तापाने फणफणून तो होडीत पडलेला असतो आणि म्हातारी आई काठावरून त्याला हाक मारते. तो ऐकतो, पण ओ देत नाही. ओ दिला तर उठावं लागेल, उठलं तर पुलावरून घरी जावं लागेल. दुसऱ्या हाकेनंतर त्याचा हात होडीबाहेर निसटतो. तिसरी हाक मेलेल्या माणसाला. मग मी कंसात लिहिलं होतं: (तो ओ देत नाही. पडदा.) हा कंस पुरा केला आणि स्वतःच रडलो.

नायक मला कल्याणच्या खाडीकाठी, एका कोळीवाड्यात सापडला. तिथल्या पालखीच्या दिवशी गावकीचं नाटक असायचं. त्यात एका माणसाने रडारड न करता असं दुःख उभं केलं की मी जागेवरून उठून पाठीमागे जाऊन त्याला भेटलो. पस्तिशीचा, काळा, रुंद खांद्यांचा, शहाडच्या कारखान्यात पाळीवर कामाला. सुट्टीच्या दिवशी खाडीत जाळं टाकायचा, पण जाळ्यात मासा कमी आणि चिखल जास्त यायचा. घरी तो आणि आई, दोघंच. गावाबाहेर त्याने कधी काम केलं नव्हतं. माझ्या एकांकिकेत काम करशील का, असं विचारल्यावर त्याने आधी तोंडावरचा रंग नीट पुसला. मग म्हणाला, “मास्तर, मना ठाण्याच्या हॉलमध्ये उभा करनार तुमी?”

तालमी शाळेतच व्हायच्या, बाकं भिंतीला लावून, संध्याकाळी. पहिली पाळी सुटली की तो शहाडहून सायकलने यायचा. सगळ्यांच्या आधी यायचा आणि बाकंही तोच सरकवायचा. पाठांतर चोख. फक्त भाषेवरून मी त्याचं डोकं खायचो. माझा नावाडी ‘पाणी’ म्हणायचा आणि हा ‘पानी’. परीक्षक हसतील या भीतीने मी त्याचा एकेक ‘न’ घासून ‘ण’ केला आणि प्रत्येक ‘ल’चा ‘ळ’. ज्याच्या बोलण्यावर भाळून त्याला आणलं, त्याचं ते बोलणंच काढून टाकत होतो, हे मला कळत नव्हतं. कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

दुसरं भांडण शेवटावरून. पहिल्याच वाचनाला तो कंसापाशी अडला.

“आई हाक मारते न् हा ओ देत नाय? मना नाय पटत.”

“अरे, तोच त्याचा प्रमाद आहे.”

“आमच्याकं असा नाय चालत, मास्तर.”

मग त्याने सांगितलं. त्यांच्या घरातले पुरुष अंधारात खाडीत उतरत. धुक्यात कोण कुठे आहे ते दिसत नसे. बाया काठावरून हाक मारत आणि पाण्यातून ओ येई. त्या एका ओमध्ये सगळं आलं, मी आहे, येतोय, चूल पेटव. लहानपणी खेळताना आईच्या हाकेला ओ दिला नाही म्हणून त्याने वल्ह्याच्या दांड्याने मार खाल्ला होता. ओ न देणं म्हणजे घरच्यांना जिवंतपणी सुतक लावणं, असं त्याची आई म्हणायची.

मी खूश झालो. म्हटलं, “बघ, एवढं मोठं आहे ते, म्हणूनच तर तो देत नाही. म्हणूनच ती शोकांतिका.”

त्याने मान हलवली. “ही शोकांतिका नाय मास्तर. ही मस्ती हाय.”

आईचं काम करणाऱ्या बाई कल्याणातच एका बँकेत होत्या. त्या खुदकन हसल्या. मला राग आला. लेखक कोण, तू का मी, असं काहीतरी बोललो. त्याने मुकाट्याने तालीम केली. दोन दिवसांनी टेम्पोतून अर्धी होडी घेऊन आला. आम्ही प्लायवूडची होडी करणार होतो, ती खोटी दिसेल म्हणून त्याने बापाची दारात पडून असलेली जुनी होडी स्वतः करवतीने कापून आणली होती. नाटकावर त्याचा माझ्याइतकाच जीव होता, हे त्या दिवशी तरी मला समजायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी आमचा प्रयोग दुपारचा होता. तो आईलाही घेऊन आला. नऊवारी, नाकात नथ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाटक गावाबाहेर पहिल्यांदाच बघणार होती. बाईंनी तिला तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं.

प्रयोग असा चढत गेला की विंगेत उभं राहून मला घाम फुटला. हॉलमध्ये कोणी खोकेना. पुलावर पाय न ठेवण्याची शपथ तो इतक्या हळू आवाजात बोलला की मागचे लोक पुढे वाकले. मी मनातल्या मनात बक्षिसाच्या वेळचं भाषणही तयार करून टाकलं. मग शेवट आला. रंगमंचावर निळा उजेड, होडीत तो पडलेला, आणि माझ्यामागून, विंगेतून बाईंनी पहिली हाक मारली. बाळाऽऽ. शुद्ध, घोटलेला ‘ळ’. शांतता. दुसरी हाक. शांतता. त्याचा हात होडीबाहेर निसटला. नावाडी मेला. बाई तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेत होत्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. थरथरता, घाबरलेला.

“बालाऽ! आरं ओ दे की!”

आणि प्रेताने ओ दिला.

“ओऽऽ! हाय गो आये, हाय!”

बाईंच्या ‘बाळा’ला तो मेलेला होता. आईच्या ‘बाला’ला तो मरू शकला नाही. नुसता ओ देऊन थांबला असता तरी एक वेळ सावरलं असतं. तो कोपरावर उठून बसला, डोळ्यांवर हात धरून अंधारात आईला शोधायला लागला, मग एकदम भान येऊन पुन्हा आडवा झाला आणि त्याने हातही होता तसा होडीबाहेर टाकला. लोक खुर्च्यांतून पडायचे बाकी राहिले. शिट्ट्या आल्या. वरून कोणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडलं. पडदावाल्याला हसू आवरेना, म्हणून पडदाही दोन झटक्यांत आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझी वर्षभराची मेहनत, माझा तो कंस, एका अक्षराने खाल्ला.

पडदा पडल्यावर मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “त्या आंधळ्या म्हातारीला इथे आणायला कोणी सांगितलं होतं? तुझ्यासारख्याला नायक केलं हीच माझी चूक.” तो होडीत बसूनच होता. त्याने फक्त वर बघितलं. नंतर रंग पुसायच्या खोलीत बाई आईला हाताला धरून घेऊन आल्या. तिला हॉल का हसला ते कळलंच नव्हतं. तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

“मास्तर, माझे पोरानं बरा केला ना काम?”

मी ऐकलं. दोन हातांवर उभा होतो, न ऐकायला काय झालं. मी पाठ फिरवली आणि कपड्यांची ट्रंक आवरायला लागलो. तिने पुन्हा विचारलं. मग तोच म्हणाला, “चल आये, मास्तर कामात हायत.”

बक्षीस गेलं ते गेलंच. पण खरी फजिती परीक्षकांच्या शेऱ्याने केली. एका परीक्षकाने लिहिलं होतं, ‘मृत नायकाने अखेरीस ओ देणे ही लेखकाची धाडसी कल्पना. अंमलबजावणी अधिक संयत हवी.’ हसावं की रडावं? माझ्या एकुलत्या एक शोकांतिकेतली एकुलती एक वाखाणली गेलेली गोष्ट मी लिहिलेलीच नव्हती. नायकाला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. लेखकाला काही नाही.

हे परीक्षक स्वतः तीन अंकी नाटकं बसवायचे. आठवड्याने निकालपत्रं घ्यायला मी ठाण्याला गेलो तर त्यांनी मला बाजूला घेतलं. “तो नावाडी कोण हो? माझ्या नव्या नाटकात मला अगदी तसा माणूस हवाय. प्रयोगाच्या दिवशी त्याला म्हणालोही, मास्तरांबरोबर निरोप पाठवतो म्हणून. तालमींना येईल ना?”

मी म्हटलं, “गुणी आहे. पण भरवशाचा नाही. स्टेजवर कधी काय करेल सांगता येत नाही. रंगभूमीची शिस्त नाही त्याला.”

खोटं बोलत होतो असंही नाही. ओ दिलाच होता त्याने. पण आधी येऊन बाकं सरकवणारा माणूस शिस्तीचा नाही, हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याला ते नाटक मिळालं असतं तर मला सहन झालं नसतं. परीक्षक म्हणाले, “असे अनुभव आम्हालाही येतात,” आणि विषय संपला. मी निकालपत्रं घेतली आणि घरी आलो. बायकोने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, काही नाही.

चारेक महिन्यांनी कल्याणच्या बाजारात सकाळी भाजी घेत होतो. मागून हाक आली. “मास्तर!” तो आवाज काय मी विसरणार होतो? हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. मी मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि चालायला लागलो. “मास्तर, ओ मास्तर!” दुसरी हाक. मी गुळाच्या हातगाड्यांमधून वाट काढत गल्लीत वळलो. तिसरी हाक त्याने मारली नाही. घरी येऊन पाहिलं तर सुटे घ्यायचेही राहिले होते.

पुढे मी काही लिहिलं नाही. शिकवत राहिलो. प्रमाद, पीळ, ग्रीकांचे राजे. मुलं लिहून घेत राहिली.

सात-आठ वर्षं गेली असतील. बँकेतल्या बाई एकदा स्टेशनबाहेर भेटल्या. म्हणाल्या, “सर, आपल्या नावाड्याची आई गेली. बारा दिवस झाले. मी जाऊन आले. तुम्ही जा हो एकदा.” मी हो म्हटलं आणि खरोखर गेलो. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि तिच्या मुलाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. रिक्षात बसून वाक्यही जुळवलं. ‘त्या ठाण्याच्या साहेबांनी तुला बोलावलं होतं, मी आडवा आलो.’ साधं वाक्य. एवढंच म्हणायचं आणि मग तो काय बोलेल ते ऐकून घ्यायचं.

रिक्षा कोळीवाड्याच्या अलीकडेच थांबते. पुढे खाडीच्या बांधावरून चालत जावं लागतं. तो ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं, केस उगवायला लागलेले. दारात ती अर्धी होडी पालथी पडली होती, वर सुकट वाळत घातलेली. मला बघून उठला, खुर्ची आणली, फडक्याने पुसली. चहा सांगितला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, पण तोच आधी बोलायला लागला.

“शेवटी दोन दिस ती बोललीच नाय. डोले मिटून पडलेली. मी कानाजवल जाऊन हाक मारली, आये. मंग परत मारली. तीनदा मारली, मास्तर. तुमच्या नाटकात व्हती तशी. तिनं ओ नाय दिला.”

शेजारचा मुलगा चहा ठेवून गेला.

“तवा तुमचा शेवट समजला मना. मी बोललेलो, ओ देत नाय तो मानूस कसला. असतोय. द्यायचा असतो पन देता येत नाय.” कप माझ्याकडे सरकवून म्हणाला, “तुमचा बरोबर व्हता. मी घान केली त्याची.”

सात-आठ वर्षं मला हेच ऐकायचं होतं. कोणीतरी म्हणावं की माझा शेवट बरोबर होता. आणि ऐकलं तेव्हा मला त्या ओट्यावरून उठून पळून जावंसं वाटलं. लाज वाटली, आणि स्वतःचाच संताप आला. माझा शेवट बरोबर नव्हता. माझा नावाडी ओ देऊ शकत असून देत नव्हता. हा माणूस आपल्या आईच्या मरणातून माझ्या नाटकाला मोठं करत होता आणि मी करू देत होतो.

“त्या ठाण्याच्या सायबांनी काय नंतर बोलावला नाय,” तो सहज बोलल्यासारखा म्हणाला. “मी दोन वरसं वाट बघितली. रजा पन साठवून ठेवलेली. तुमाला इचारायचा म्हनून बाजारात हाका मारलेल्या. गर्दीत तुमाला ऐकायला नसंल आला.”

हीच वेळ होती. माझं वाक्य मला पाठ होतं.

“हो,” मी म्हटलं. “गर्दी फार असते तिथे.”

त्याने मान डोलवली. चहा संपला. आईच्या मोतीबिंदूचं, शहाडच्या पाळीचं काहीबाही बोलणं झालं. मी उठलो. बांधावरून बरंच पुढे आलो तेव्हा मागून हाक आली.

“मास्तऽर!”

मी थांबलो. वळलो. खाडीवर, पाण्यावर नीट जाईल अशा आवाजात मी ओ दिला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने दिला असेन.

“खाली बघून चाला. पुढं शेवाल हाय.”

मी हात हलवला आणि खाली बघून चाललो. जे सांगायला गेलो होतो ते तसंच परत घेऊन डोंबिवलीला आलो. तो अजून आहे, शहाडहून निवृत्त झालाय, रिक्षाने गेलं तर वीस मिनिटं लागतात. मी अजून पुन्हा गेलेलो नाही. दर खेपेला काहीतरी निघतं. वर्तमानपत्रवाल्यांना नावं ठेवणाऱ्या माणसाने याला शोकांतिका म्हणू नये. याला त्यानेच पहिल्या वाचनाला नेमका शब्द दिला होता. मस्ती.